कंपवात : पेठहून उपचाराला किती पैसे लागतात?

घरातल्या वडीलधाऱ्याचा हात बसल्याजागी थरथरू लागतो, चाल मंदावते, सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागतो. पुणे जिल्ह्यातल्या पेठ आणि सातगाव पठारावरची घरे आधी ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. मग कधीतरी बटाटा विकून हातात पैसा आला की पुण्याला नेऊन थेट मेंदूचा एमआरआय काढतात. साधारण पाच ते आठ हजार रुपये तिथेच जातात, आणि बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

हालचालींच्या विकारांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना १९८५ साली स्थापन झाली. तिने २०१५ साली कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या, निदानाचे निकष ठरवले. हालचाल मंदावलेली हवी, आणि जोडीला विश्रांतीतला कंप किंवा ताठरपणा. हे डॉक्टर समोर बसवून, चालवून, बोटे आपटायला लावून ओळखतात. दुसऱ्या आजाराची शंका असेल तेव्हाच स्कॅन. भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनाही परिषदा आणि प्रशिक्षणांतून हेच शिकवतात. हे शिक्षण मंचर-घोडेगावच्या दवाखान्यांपर्यंत पोचलेच पाहिजे, कारण तिथे झालेले वेळेवरचे निदान रुग्णाचे हजारो रुपये वाचवते.

सुरुवात मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयातून करा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि तपासणी मोफत आहे. पुण्याचे ससून रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने तिथे थोडे शुल्क पडते. पुण्यातल्या खासगी मेंदूविकारतज्ज्ञाची फी साधारण आठशे ते दीड हजार.

जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या. पित्ताच्या काही गोळ्यांत लेव्होसल्पिराइड असते, चक्करेवर सिनारिझिन आणि अर्धशिशीवर फ्लुनारिझिन देतात. ही औषधे महिनोन्‌महिने घेतली तर कंपवातासारखीच लक्षणे दिसू शकतात. अशा वेळी डॉक्टर आधी ते औषध थांबवतात, आणि हळूहळू बहुतेकांना फरक पडतो. पाकिटे पाहायला एक पैसा लागत नाही, तरी हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. म्हणून तुम्हीच विचारा.

खरा कंपवात असेल तर मुख्य औषध लेव्होडोपा-कार्बिडोपा. ते अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. साध्या गोळीला साधारण दोन ते पाच रुपये पडतात. दिवसाला तीन धरल्या तरी महिन्याला साडेचारशेच्या आतच. पुढे आजार वाढला, दुसरी औषधे जोडली की आकडा काही हजारांवर जातो. गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यावी, कारण डाळ-दुधातली प्रथिने तिला अडवतात. पैसे संपले म्हणून ती अचानक बंद करू नका, ते धोक्याचे आहे.

प्रवासात सूट पुष्कळ आहे. एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धे तिकीट, ७५ नंतर मोफत, महिलांना अर्धे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कंपवाताचा समावेश आहे. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले तर एसटीत ७५ टक्के सवलत मिळते. यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राला शुल्क नाही, त्यामुळे एजंटला पैसे देऊ नका.

व्यायाम आणि समुपदेशन यांवर लोक उगाच खर्च करतात. मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी २००१ पासून रुग्णांसाठी मोफत मदत गट चालवते. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे शुभार्थी (रुग्ण) आणि शुभंकर (त्यांची काळजी घेणारे) आपले अनुभव मराठीतून सांगतात. घरी बसून पाहता येतील असे त्यांचे कार्यक्रम यूट्यूबवर आहेत, आणि पेठसारख्या गावाला मला तेच सर्वांत सोयीचे वाटतात. मोबाइलवर रोज वीस मिनिटे, घरातल्या कुणीतरी सोबत बसून.

शेवटी डीबीएस, म्हणजे मेंदूत तारा बसवण्याची शस्त्रक्रिया. हिचा खर्च दहा लाखांच्या घरात किंवा त्याहून वर जातो, आणि बॅटरी संपली की पुन्हा खर्च. ती आजार बरा करत नाही. औषधाचा परिणाम चांगला होतो पण टिकत नाही, अशा निवडक रुग्णांनाच ती लागू पडते. कुणी ती सुचवली तर बॅटरी किती वर्षे चालते, औषधे किती कमी होतील आणि सेटिंगसाठी किती फेऱ्या लागतील हे आधी विचारा. शेत गहाण टाकण्यापूर्वी हालचालींच्या विकारांत काम करणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्या. त्याला लागते ती एका भेटीची फी.