कोरडी ग्लँड

ज्या मच्छीमार नौकेत पूर्वी माझी भागी होती, तिच्या शाफ्टाच्या ग्लँडमधून पाण्याचा थेंबही आत येत नसे, आणि नौकेच्या तळाच्या त्या कोरडेपणाची तिच्या ड्रायव्हरला मोठी प्रौढी वाटे. एकदा जयगडबाहेर इंजिनाला जोर देताच करपल्या चरबीचा वास सुटला, ग्लँड हात लावू न देण्याइतकी तापली, आणि जळके पॅकिंग निखळून खारे पाणी असे आत घुसले की पंप अखंड चालवूनच आम्ही बंदर गाठले. शाफ्टावर नखाला लागतील असे चर पडले होते. तो बदलण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

ग्लँडमधील चरबी मुरवलेली दोरी, म्हणजेच पॅकिंग, फिरत्या शाफ्टाशी अहोरात्र घासत असते आणि तिला थंडावा देणारे पाणी समुद्राचेच असते. सबब इंजिन चालू असता मिनिटाला दोन-चार थेंब पडणे ही गळती नसून तजवीज होय. थेंब वाढले तर नट दोन्ही अंगांनी सारखे, अगदी किंचित आवळावेत व ग्लँडची उष्णता अजमावीत राहावे. तरीही पाणी हटत नसेल, तर जुन्या पॅकिंगवर नवे कडे चढविण्याची काटकसर (ही आपल्याकडे फार!) न करता, नौका किनाऱ्यावर घेऊन सारे जुने उपसून काढावे आणि नव्या कड्यांचे तिरपे सांधे एकाखाली एक येणार नाहीत असे बसवावे.

1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या मुदतीत पंखा धरून शाफ्ट वर-खाली हलवून पाहावा. तो स्पष्ट खेळत असेल तर मागचे रबरी बेअरिंग झिजले असे समजावे. शाफ्टाभोवती गुंतलेली नायलॉनची जाळी कापून काढावी. जस्ताची वडी निम्मी झिजताच बदलावी, आणि तिच्यावर रंग मात्र चुकूनही फासू नये, कारण रंगविलेले जस्त झिजत नाही व त्याऐवजी इतर धातू खाल्ला जातो.

शाफ्ट इंजिनाशी जोडणाऱ्या कप्लिंगची जुळणी मात्र किनाऱ्यावर पारखू नये. लाकडी नौका पाण्यात उतरली की लाकूड फुगून तिचा आकार किंचित बदलतो. म्हणून काही दिवस तरंगल्यावर बोल्ट सैल करून दोन्ही तबकड्यांमधील फट चारही बाजूंनी पातीने मोजावी. नारळी पौर्णिमेची घाई पुढे करून जे मालक हे काम टाळतात, त्यांचे नवे पॅकिंगही फार काळ टिकत नाही.