गुन्ह्यांची आकडेवारी : अर्थ आणि मर्यादा

हिंसक गुन्ह्यांची वार्षिक आकडेवारी प्रसिद्ध झाली की, कोणत्या राज्यात गुन्हे वाढले आणि कोणत्या राज्यात घटले, याची चर्चा सुरू होते. या चर्चेत एक मूलभूत गोष्ट बहुधा नजरेआड होते. या आकडेवारीत मोजले जातात ते घडलेले सर्व गुन्हे नव्हेत, तर पोलीस ठाण्यात नोंदले गेलेले गुन्हे होत.

देशातील गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल १९५३ सालापासून निघत आहे. १९८६ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरो आता तो तयार करतो. गुन्ह्यांत झालेली वाढ व नोंदणीत झालेली वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा इशारा खुद्द ब्युरोनेच दिलेला आहे.

नोंद वाढते ती कशाने?

देशात २०१२ मध्ये बलात्काराचे २४,९२३ गुन्हे नोंदले गेले. २०१३ मध्ये ही संख्या ३३,७०७ झाली. या दोन वर्षांच्या दरम्यान, डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेने देश हादरला होता. २०१३ मध्ये कायद्यातील व्याख्या व्यापक झाली आणि संमतीचे वय १६ वरून १८ वर नेण्यात आले. तक्रार करण्याचे धैर्यही वाढले. म्हणून या वाढीवरून अत्याचार किती वाढले, हे ठरविता येत नाही.

खुनाची गोष्ट निराळी. खून सहसा दडवता येत नाही आणि त्याची व्याख्याही क्वचितच बदलते. त्यामुळे तुलनेसाठी हा आकडा अधिक भरवशाचा ठरतो. २०१२ मध्ये देशात ३४,४३४ खून नोंदले गेले, तर २०२२ मध्ये २८,५२२. या काळात लोकसंख्या मात्र वाढली.

तुलना करताना

तुलना नेहमी दर लाख लोकसंख्येमागील प्रमाणावरून करावी. तेवढ्यानेही भागत नाही. केरळमध्ये नोंदलेल्या एकूण गुन्ह्यांचे प्रमाण देशात वरच्या क्रमांकांत असते, पण खुनाचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीहून कमी आहे. शिवाय एकाच घटनेत घरफोडी, जबरी चोरी आणि खून घडला, तर गणना सर्वांत गंभीर गुन्ह्याखाली, म्हणजे खुनाखाली होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ऐवज हिसकावून पळणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला आहे. त्यामुळे चोरीविषयक जुने व नवे आकडे ताडून पाहतानाही सावधगिरी हवी.

गावपातळीवरील कर्तव्य

ज्या गावातून वर्षभर एकही तक्रार आली नाही, ते गाव निर्भय असेल किंवा भयग्रस्तही असेल. केवळ आकडा वाढला म्हणून ठाणे अंमलदाराला दोष दिला, तर तक्रार न नोंदवण्याकडे कल वाढतो आणि त्याची झळ पीडितालाच बसते. दखलपात्र गुन्ह्याची खबर आता कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते व तिची प्रत खबर देणाऱ्यास विनामूल्य मिळते. ही माहिती पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत आणि शिक्षकांनी पालकसभेत अवश्य द्यावी. नोंद प्रामाणिक झाली, तरच आकडे खरे बोलतील आणि उपाययोजनेला योग्य दिशा मिळेल.