जुनी नाणी टपालाने मागवताना



उसाचा दर जाहीर झाला म्हणजे तेवढी रक्कम खात्यावर पडत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तोडणी आणि वाहतूक वजा जाते, आणि हातात उरतो तो खरा दर. अलीकडे आपल्या भागात मोबाईलवर बघून जुनी नाणी मागवण्याचा नाद वाढला आहे. नाद वाईट नाही. पण तिथे हाच हिशेब उलटा चालतो. जाहीर किमतीवर वाहतूक चढते, आणि वाटेतली जोखीम बहुधा आपल्याच माथी येते. म्हणून या अंकातला पाठ आम्ही या विषयाला दिला आहे.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. आपले एक सभासद दुसऱ्या हप्त्याच्या पैशातून राणीछाप चांदीचे दहा रुपये मागवून बसले. पाकीट आलं, फोडलं, तर आत दोनच नाणी! तावातावाने आमच्याकडे आले आणि म्हणाले, “साहेब, वाटेत आठ नाणी खाल्ली हो पोस्टानं.” आम्ही म्हटलं, “दादा, पाकीट आणि पावती दाखवा बघू.” पाकीट कुठेही फाटलेलं नव्हतं. पावतीवर वजन होतं ६० ग्रॅम. आता दहा रुपयांचं वजनच ११६ ग्रॅमच्या पुढे भरतं. म्हणजे मुळात दहा नाणी पोस्टात पडलीच नव्हती. पोस्टमन बिचारा निर्दोष होता. फसवलं होतं विकणाऱ्याने. पण तोवर पंधरा दिवस उलटले होते आणि विकणाऱ्याचा फोन बंद झाला होता.

काट्याची पावती बघितल्याशिवाय आपण गाडी रिकामी करत नाही. मग इथेच का विसरतो?

१. घरात पडणारा भाव काढा

नाण्याची किंमत, टपाल खर्च, त्यावरील जीएसटी, विमा आणि पॅकिंग एवढे सगळे मिळवून येतो तो नाण्याचा खरा भाव. १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या स्पीड पोस्टच्या दरपत्रकात बाहेरगावी जाणाऱ्या ५० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला ४७ रुपये, आणि २०१ ते ५०० किलोमीटर अंतरावर ५१ ते २५० ग्रॅमपर्यंत ६३ रुपये असा दर आला. वर १८ टक्के जीएसटी.

आता उदाहरण करून बघा. एकेक रुपया वेगळ्या पाकिटातून दहा वेळा मागवला तर एका पाकिटाला ५५ रुपये ४६ पैसे, दहांना ५५४ रुपये ६० पैसे. तेच दहा रुपये एका पाकिटात आले, वजन पॅकिंगसह २५० ग्रॅमच्या आत राहिले, तर ७४ रुपये ३४ पैसे. म्हणजे ४८० रुपये नुसत्या घाईपायी गेले. तेव्हा एकाच विकणाऱ्याकडून चार नाणी घ्यायची असतील तर एकत्र पाठवायला सांगा. दर बदलत राहतात, म्हणून चालू दर आपल्या पोस्टात विचारून घ्या. विकणारा खऱ्या खर्चाच्या दुप्पट-तिप्पट ‘पाठवणी’ लावत असेल तर समजा, स्वस्त दाखवलेल्या नाण्याची वसुली तिथून चालली आहे.

२. वजनाची पावती मागा

पार्सल टाकल्यावर पोस्टाच्या पावतीचा फोटो मागवून घ्या. त्यावर वजन असते आणि तेरा अक्षरी-अंकी क्रमांक असतो: पुढे दोन इंग्रजी अक्षरे, मध्ये नऊ आकडे आणि शेवटी देशाची दोन अक्षरे. या क्रमांकावरून पार्सल कुठवर आले ते घरबसल्या कळते.

वजनाचा हिशेब सोपा आहे. ब्रिटिश अमदानीतला चांदीचा प्रमाण रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि १२ भागांत ११ भाग चांदीचा. म्हणजे एका रुपयात शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. या आकड्याला त्या दिवशीच्या चांदीच्या ग्रॅमच्या भावाने गुणा. जर कोणी त्याहून फारच कमी किमतीत ‘अस्सल’ रुपया देऊ करत असेल, तर तो दानधर्म करायला बसलेला नाही, एवढे ध्यानात घ्या. १९४० नंतरच्या रुपयांत चांदी निम्मीच उरली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे. निकेलचा रुपया लोहचुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही.

आणखी एक. ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असे छापून वर रामदरबार किंवा मारुती असलेली नाणी लाखाच्या बाता मारून विकतात. कंपनीने असली नाणी चलनात काढलीच नव्हती. ते देवस्थानी टोकन म्हणून किंवा हौसेखातर पुढे बनवलेले तुकडे आहेत. त्यांना टपाल खर्चसुद्धा घालवू नका.

३. विमा आणि ताबा

साध्या पार्सलची गहाळ भरपाई आतल्या मालाच्या किमतीवर ठरत नाही. हजारोंचं नाणं हरवलं तरी हाती येते ती टपाल खर्चाच्या मापातली किरकोळ रक्कम. म्हणून किमती नाणे विमा उतरवूनच मागवा आणि विम्याची रक्कम खऱ्या किमतीइतकी आहे ना, ते पावतीवर वाचा. अनेक खाजगी कुरिअर कंपन्यांच्या अटींत नाणी आणि मौल्यवान धातू वगळलेले असतात. तिथे पैसे भरूनही हात रिकामे राहतील.

वरील दरपत्रकात नोंदणीला ५ रुपये आणि ओटीपी देऊन ताबा घेण्याच्या सोयीला ५ रुपये, अधिक जीएसटी, एवढाच जादा आकार ठेवला होता. आपण दिवसभर रानात असतो आणि पार्सल शेजारच्या पोराच्या हाती पडते. तेव्हा हा खर्च वाचवण्यात शहाणपण नाही.

पॅकिंगबद्दल दोन शब्द. सुटे नाणे पाकिटात खुळखुळत असेल तर कागद फाडून बाहेर पडते. नाणे पुठ्ठ्याच्या चौकटीत, दोन जाड पुठ्ठ्यांत चिकटपट्टीने बसवलेले हवे. वर ‘नाणी’ असे लिहू नये, लिहिले की चोराला आमंत्रणच.

४. पैसे कुणाला, केव्हा?

पूर्वीच्या व्ही. पी. प्रमाणे दारात पैसे दिले की धोका टळला, असा अनेकांचा समज असतो. तो खोटा आहे. पैसे आधी द्यावे लागतात, पार्सल नंतर फुटते. विकणारा ओळखीचा हवा, परत घेण्याची अट लेखी हवी आणि परतीचे टपाल कोण भरणार तेही ठरलेले हवे.

याच्या उलटा डावही चालतो. “तुमच्याकडचं वैष्णोदेवीचं पाच रुपयाचं नाणं आम्ही लाखाला घेतो, फक्त कुरिअर आणि विम्याचे पैसे आधी भरा.” असा फोन आला की ठेवून द्या. ते नाणे अलीकडचे आहे, काही दुर्मिळ नव्हे. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर इशारा दिला आहे की ती जुन्या नाणी-नोटांच्या असल्या व्यवहारात पडत नाही, त्यासाठी कमिशन वा आकार मागत नाही आणि तसा अधिकार कुणाला दिलेला नाही. आणि पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हे घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा. फसलातच तर लाजू नका, ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा. पहिले काही तास मोलाचे असतात.

५. पार्सल उघडताना

पाकीट फुटलेले किंवा पुन्हा चिकटवलेले दिसले तर ताबा घेण्याआधीच पोस्टमनला दाखवा. घरी सोनाराच्या किंवा चांगल्या काट्यावर न फोडता वजन करा. मग कुणाला तरी मोबाईलवर चित्रण करायला लावून, पत्ता आणि क्रमांक दिसेल असे धरून, एका दमात फोडा. नाणे चिंचेने घासू नका. चकाकी येते, पण जाणकार किंमत पाडतात आणि विकणारा परत घेत नाही.

६. परदेशी पाठवणी

मुलगा-सून परदेशात आहेत, त्यांना शिवराई पाठवावी असे कुणाला वाटेल. थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तूत मोडते आणि ते खाजगी माणसाने देशाबाहेर पाठवणे गुन्हा आहे. बाहेरून मागवले तर सीमाशुल्क आणि त्याची कागदपत्रे आपल्याच अंगावर येतात, तोही आकडा भावात धरा.

सांगण्याचा मुद्दा एकच. नाण्याचे चित्र बघून भुलू नका. आधी घरात पडणारा भाव मांडा, मग पावतीवरचे वजन बघा, आणि विमा असेल तरच मोठी रक्कम सोडा. वर सांगितलेल्या सभासदांनी आता उरलेले दोन रुपये त्या पावतीसकट डब्यात जपून ठेवले आहेत. ते म्हणतात, “नाणी दोन मिळाली, अक्कल आठ नाण्यांची आली.” आपल्याला ती फुकट मिळावी, एवढ्यासाठीच हा पाठ.