चुंबकाचा चष्मा राहू द्या, डोळ्याचा पडदा तपासून घ्या

चुंबक बसवलेले चष्मे आणि डोळ्यांवर बांधायच्या चुंबकपट्ट्या आजकाल घरपोच मिळतात. त्यांच्या जोडीला पृथ्वीच्या चुंबकीय स्पंदनांचा हवाला असला की ऐकणाऱ्याला ते विज्ञान वाटतं. कॉटन ग्रीन, काळाचौकी, शिवडी भागातल्या वाचकांनी अशा वस्तूंवर पैसे घालण्याआधी ही स्पंदनं नेमकी किती मोठी असतात ते पाहावं.

सूर्याकडून येणारा विद्युतभारित कणांचा झोत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर सतत आदळत असतो. त्यामुळे त्या क्षेत्रात बारीक लहरी उठतात. काही सेकंदा-दोन सेकंदांच्या, काही दहा-दहा मिनिटांच्या. मुंबईला हा अभ्यास नवा नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून चुंबकीय नोंदी घेतल्या जात, आणि सप्टेंबर 1859 च्या प्रचंड सौर वादळाचे आकडेही तिथे टिपले गेले.   पुढे वेधशाळेचं चुंबकीय काम शहराबाहेर गेलं. विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांनी ते अलिबागला नेलं. 1904 पासून तिथल्या नोंदी सुरू आहेत.

यातच पहिलं उत्तर आहे. ट्रामच्या विजेने झाकली जावीत इतकी ही स्पंदनं क्षीण असतात. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र साधारण 40 हजार नॅनोटेस्लाचं, आणि रोजची स्पंदनं त्यात जेमतेम नॅनोटेस्ला-दोन नॅनोटेस्लाची भर-घट करतात. हार्बरची लोकल फलाटाला लागताना याहून कितीतरी मोठा बदल तुमच्या डोळ्यांभोवती होऊन जातो. एमआरआयचं नेहमीचं यंत्र 1.5 टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे 37 हजार पट. त्यात अर्धा तास पडून राहिलेल्या माणसाचा ना मोतीबिंदू विरघळतो, ना चष्म्याचा नंबर उतरतो. चष्म्याच्या दांडीतल्या चुंबकाकडून मग काय अपेक्षा ठेवायची?

चुंबकाचा डोळ्याशी खरा संबंध येतो तो लोखंडाच्या कणापाशी. रे रोडच्या दारुखान्यात भंगार तोडताना, ग्राइंडर मारताना उडालेली कपची डोळ्यात शिरू शकते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातले नेत्रतज्ज्ञ अशी कपची काढायला विद्युतचुंबक वापरू लागले होते. अशी इजा कधीही झाली असेल, अगदी वीस वर्षांपूर्वी, तरी एमआरआयच्या आधी सांगा. कण आत राहिला असेल तर यंत्राच्या ओढीने तो हलून नजर जाऊ शकते. काम करताना गॉगल घाला. कपची गेल्याची शंका आली तर डोळा चोळू नका, धुवायच्या खटपटीतही पडू नका. थेट रुग्णालय गाठा.

आता लेसर. डोळ्यांच्या उपचारात खरी कामगिरी प्रकाशाच्या स्पंदनांनी केली आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन दोन-तीन वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागलं की घरात म्हणतात, 'मोतीबिंदू परत आला'. तो परत येत नाही. बसवलेल्या भिंगामागचं पातळ आवरण गढूळ होतं, जाळी धरते. 1980 च्या आसपास पॅरिसमध्ये डॅनिएल आरों-रोझा आणि बर्नमध्ये फ्रान्झ फॅन्कहाउझर यांनी त्यावर याग लेसर वापरायला सुरुवात केली, आणि डोळा न कापता हे काम होऊ लागलं.

रुग्ण यंत्रासमोर स्टुलावर बसतो, हनुवटी टेकवतो. बाहुली मोठी करणारे आणि डोळा बधिर करणारे थेंब आधीच घातलेले असतात. डॉक्टरांना लाल प्रकाशाचे दोन ठिपके दिसतात. ते आवरणावर जुळून एक झाले की बटण दाबायचं. टक्. एक मिलिज्यूल ऊर्जा, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पण ती चार नॅनोसेकंदांत, केसाहून बारीक बिंदूवर ओतली की त्या क्षणापुरती शक्ती अडीच लाख वॉट होते. आवरण तेवढ्याच जागी फाटतं. काही मिनिटांत मधोमध तीन-चार मिलिमीटरची खिडकी तयार होते आणि रुग्ण चालत घरी जातो. नंतर डोळ्याचा दाब तपासून घ्यावा. पुढे कधी एकाएकी काळे ठिपके वाढले, लखलख दिसली किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

हीच ताकद चुकीच्या जागी लागली तर? 2023 च्या गणेशोत्सवानंतर नाशिकमध्ये काही तरुणांच्या दृष्टिपटलाला, म्हणजे डोळ्याच्या पडद्याला, मिरवणुकीतल्या लेसर झोतांमुळे इजा झाल्याचं नेत्रतज्ज्ञांनी सांगितलं. पुण्यात पोलिसांनी 2024 मध्ये मिरवणुकीतल्या अशा झोतांवर बंदी घातली. लालबाग-काळाचौकीच्या मंडळांनी हे झोत आपणहून बंद करावेत. खांद्यावर बसलेल्या पोराचा डोळा थेट त्यांच्याच रेषेत येतो.

सर्वात निकडीचं मधुमेहींसाठी. दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या बिघडू लागतात तेव्हा दुखत नाही, दिसायलाही ठीक दिसतं. प्रौढपणी मधुमेहाचं निदान झालं की लगेच, आणि पुढे दरवर्षी, डोळ्याचा पडदा तपासून घ्या. गरोदर मधुमेही स्त्रियांनी पहिल्या तीन महिन्यांतच. आजार बळावलेल्या डोळ्यांत वेळेवर केलेला लेसर नजर गमावण्याचा धोका निम्म्याहून खाली आणतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने 1976 मध्येच दाखवलं. गेलेली नजर त्याने परत येत नाही, उरलेली टिकते. म्हणून दिसेनासं होईपर्यंत थांबू नये.

तपासणीसाठी परळचं केईएम रुग्णालय इथून जवळ आहे. सँडहर्स्ट रोडला उतरलं की जे. जे. रुग्णालय. जुने कागद, साखरेचे अहवाल आणि चालू औषधांची यादी सोबत न्या. थेंबांमुळे काही तास अंधूक दिसतं, त्यामुळे दुचाकी घरी ठेवा आणि घरातलं कुणीतरी बरोबर घ्या.