या पिंपात आधी काय होतं?

प्रश्न : मी भोसरीतल्या एका प्लेटिंगच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. आमची रिकामी पिंपं वर्षानुवर्षं भंगारवाला न्यायचा, काही कामगार घरी पाणी भरायला न्यायचे. माझ्याही घरी एक निळं पिंप आहे. आता कंपनीनं हे सगळं बंद केलंय. पिंपांना पिवळी लेबलं लावून ती कुलपाच्या शेडमध्ये ठेवतात आणि स्लजच्या गोण्यांसारखीच परवान्याच्या गाडीनं रांजणगावच्या विल्हेवाट केंद्राकडे पाठवतात. पूर्वी भंगाराचे चार पैसे यायचे, आता उलट खर्च होतो. पिंप रिकामं केलं, धुतलं, तर ते घातक कसं? आणि रांजणगावला नेऊन या मालाचं करतात तरी काय?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : कंपनीनं केलं ते योग्यच केलं, आणि उशिरा का होईना केलं याचा मला आनंद आहे. तुमच्या प्रश्नातला ‘रिकामं’ हा शब्द मात्र आधी तपासून घ्यावा लागेल, कारण तिथेच माणसं फसतात.

थिनरचं किंवा टोल्युइनचं दोनशे लिटरचं बॅरल घ्या. काठोकाठ भरलेल्या बॅरलमध्ये वाफेला जागाच थोडी असते. बॅरल रिकामं केल्यावर तळाशी, कडेच्या खाचेत थोडं द्रव राहतंच. त्याची वाफ होते आणि आत शिरलेल्या हवेत मिसळते. हवेत टोल्युइनची वाफ साधारण १.१ ते ७.१ टक्के झाली की ठिणगी पडताच ती पेट घेते. दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये एवढी वाफ व्हायला किती टोल्युइन लागतं? जेमतेम दहा मिलिलिटर, म्हणजे दोन चहाचे चमचे. बॅरल उपडं करून निथळलं तरी तेवढं आत राहू शकतं. मग भंगाराच्या दुकानात कुणीतरी त्याचं झाकण कापायला गॅस कटर लावतो. बंद बॅरलमधली ती वाफ एका क्षणात पेटते, आणि झाकण उडतं ते थेट कापणाऱ्याच्या तोंडावर. असे स्फोट पुन्हा पुन्हा होतात आणि मरणारा बहुतेक वेळा रोजंदारीवरचा मुलगा असतो. बॅरलमध्ये काय होतं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

‘धुतलं तर?’ असं तुम्ही विचारता. कशानं धुतलं आणि ते पाणी गेलं कुठे, हे दोन प्रश्न लगेच पुढे येतात. टोल्युइन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे नळीच्या पाण्यानं ते निघत नाही. आम्लाचं किंवा क्रोमिक ॲसिडचं पिंप पाण्यानं धुता येतं, पण मग ते पाणीच घातक होतं. ते ईटीपीत, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेत गेलं पाहिजे. कारखान्यामागच्या गटाराशी पिंपं विसळत बसलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. तिथे धोका पिंपातून ओढ्यात जातो, एवढंच. म्हणून केंद्र सरकारच्या २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या परिशिष्टात, घातक रसायनांनी माखलेली रिकामी पिंपं आणि पिशव्या यांना ३३.१ हा स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे. अशी पिंपं प्रदूषण नियंत्रण मंडळानं परवानगी दिलेल्या, पिंपं निर्धोक करून पुन्हा वापरात आणणाऱ्या कारखान्याकडे किंवा विल्हेवाट केंद्राकडेच जायला हवीत.

आता तुमच्या घरचं निळं पिंप. हे मी जरा तळमळीनं लिहितो, कारण आपल्याकडे पाण्याची टंचाई आणि ही पिंपं यांची जोडी जमून गेली आहे. मराठवाड्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीत, पुण्या-मुंबईच्या झोपडपट्ट्यांत, चाळींच्या गॅलऱ्यांत, सगळीकडे निळी पिंपं रांगेनं उभी असतात. त्यातली काही नवी असतात, काही खाद्यपदार्थांची असतात, आणि काही रसायनांची असतात. बाहेरून ती सारखीच दिसतात, कारण विकण्याआधी त्यांचं लेबल खरवडून काढलेलं असतं. ही पिंपं पॉलिइथिलीनची असतात आणि ते प्लास्टिक अनेक सेंद्रिय द्रावकं स्वतःत शोषून घेतं. साबण लावून घासलं, उन्हात वाळवलं, तरी भिंतीत मुरलेलं रसायन नंतर हळूहळू पाण्यात उतरत राहतं. वास गेला म्हणजे रसायन गेलं असं नाही. क्रोमियमसारख्या पदार्थांना तर वासच नसतो.

तेव्हा ते पिंप पिण्याच्या, स्वयंपाकाच्या, आंघोळीच्या पाण्यासाठी वापरू नका. गुरांना त्यातलं पाणी देऊ नका, धान्य भरू नका, कापून कुंडी करू नका, आणि फुकट मागितलं तरी कुणाला देऊ नका. ते कंपनीत परत नेऊन शेडमध्ये जमा करा. आणखी कुणाकुणाच्या घरी अशी पिंपं गेली आहेत, हे पाळी सुटताना विचारा. त्यासाठी कुणाला दंड करू नका, नाहीतर एकही पिंप परत येणार नाही. माणसं पिंप नेतात ती घरी पाणी साठवायला काही नसतं म्हणून. कंपनीनं प्रत्येकाला एक नवं पिंप घेऊन दिलं तर तो खर्च फारसा नाही.

आता पिंपात भरल्या जाणाऱ्या कचऱ्याकडे वळू. कच्चा माल कारखान्यात येतो तेव्हा त्याचं नाव, शुद्धता, बॅच क्रमांक सगळं त्याच्यासोबत येतं. कचरा तयार होतो तेव्हा ही ओळख पुसली जाते. ‘टाकाऊच आहे’ म्हणून जे जवळ सापडेल त्या पिंपात ओततात, आणि तिथून पुढे ते पिंप हाताळणाऱ्या प्रत्येकाला अंधारात हात घालावा लागतो. घातक कचऱ्याचे बहुतेक अपघात मला इथेच सुरू होताना दिसतात.

तुमच्याच धंद्यातलं उदाहरण सांगतो. प्लेटिंगमध्ये क्रोमियमचं पाणी आम्लधर्मी असतं. त्यातलं सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगकारक आहे. त्याला आधी पीएच दोन-तीनच्या आसपास ठेवून सोडियम मेटाबायसल्फाइटनं तीन संयुजेवर आणावं लागतं, मग चुना घालून त्याचा साका खाली बसवावा लागतो. सायनाइडच्या बाथचं पाणी याच्या अगदी उलट. ते पीएच दहाच्या वर ठेवूनच हायपोक्लोराइटनं मोडायचं असतं. एकाला आम्ल हवं, दुसऱ्याला अल्कली. ही दोन पाणी चुकून एका टाकीत, एका पिंपात आली की आम्लामुळे सायनाइडमधून हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. काही मिनिटांत माणूस कोसळतो. या वायूला कडू बदामासारखा वास असतो असं पुस्तकात असतं, पण पुष्कळ माणसांना तो वास जन्मतःच येत नाही, त्यामुळे नाकावर भरवसा ठेवता येत नाही. क्रोमचे आणि सायनाइडचे पाइप, पंप, पिंपं, फनेल, अगदी बादलीसुद्धा वेगळी हवी, रंगानं वेगळी ओळखू येणारी हवी. रात्रपाळीला आलेला नवा कंत्राटी माणूस वाचत बसणार नाही, पण लाल बादली आणि पिवळी बादली त्याला कळेल.

अशी सरमिसळ कारखान्याबाहेर झाली तर काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरला वालधुनी नदीत टँकरनं रासायनिक सांडपाणी सोडल्यावर झोपेतल्या वस्तीत वायू पसरला आणि शेकडो रहिवाशांना दवाखान्यात न्यावं लागलं. ६ जानेवारी २०२२ ला सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत असाच टँकर नाल्यात रिकामा करताना सुटलेल्या वायूनं सहा कामगारांचा जीव गेला. ते शेजारच्या गिरणीत काम करत होते. त्या टँकरशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता.

एकत्र येऊ नयेत अशा आणखीही जोड्या आहेत. नायट्रिक ॲसिड सांडलं तर ते लाकडी भुश्शानं टिपू नका, भुसा पेटू शकतो. कोरडी वाळू वापरा. हायपोक्लोराइट आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड एकत्र आले की क्लोरीन सुटतो. जवसाच्या तेलाच्या रंगाचं किंवा वॉर्निशचं कॉटन वेस्ट गोळा करून ढिगानं ठेवलं तर ते आतून तापत जातं आणि काडी न लावता पेटतं. ते पाणी घातलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच टाकावं. आपल्याकडच्या रसायनांच्या जोड्या जाणून घ्यायच्या तर प्रत्येक रसायनाच्या सेफ्टी डेटा शीटमधला दहावा भाग वाचा. विल्हेवाटीविषयी तेरावा भाग असतो. ही शीट इंग्रजीत फायलीत पडून उपयोग नाही. त्यातल्या चार ओळी मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत पिंपाशेजारी लावा.

हातमोजे-मास्कबद्दल एवढंच सांगतो, की एकच मोजा सगळ्या रसायनांना चालत नाही. नायट्राइलचा मोजा तेलाला चांगला, पण ॲसिटोन त्यातून लवकर आरपार जातं. तिथे ब्युटाइल रबर लागतं. धुळीसाठीचा एन-९५ मास्क वाफ किंवा वायू अडवत नाही. तो लावून द्रावकाच्या पिंपाशी उभ्या राहिलेल्या माणसाला आपण सुरक्षित आहोत असं वाटतं, आणि म्हणून तो तिथे जास्त वेळ थांबतो.

शेडमध्ये माल साठवायला साधारणपणे ९० दिवसांची मुदत असते. लहान कारखान्यांना मंडळ ती वाढवून देऊ शकतं. ही मुदत कागदी वाटते. पण पडून राहिलेल्या कचऱ्याचं काय होतं हे भोपाळनं दाखवलं. डिसेंबर १९८४ च्या वायुगळतीनंतर तिथल्या कारखान्यात उरलेला ३३७ टन घातक कचरा बाहेर पडायला जानेवारी २०२५ उजाडला. तो पिथमपूरला नेऊन जाळण्याचं काम त्या वर्षीच्या जूनअखेर संपलं. चाळीस वर्षं! तोवर गळतीच्या वेळी जन्मलेली मुलं आईबाप झाली होती. शेडला छप्पर हवं, रसायन न शोषणारी फरशी हवी, सांडलेलं अडवायला कट्टा हवा, आणि प्रत्येक पिंपाचं झाकण घट्ट हवं. पिंपावरचं लेबल चमकदार पिवळं असतं आणि त्यावर ‘घातक कचरा’ हे शब्द लाल अक्षरांत, इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत लिहायचे असतात. मराठी अक्षरं तुमच्या लेबलवर आहेत का, ते आजच पाहा. ती शेडमध्ये काम करणाऱ्या माणसासाठी असतात.

आता रांजणगाव. महाराष्ट्रात तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे अशी सामाईक विल्हेवाट केंद्रं आहेत. गाडी दारात आली की आधी मालाचा नमुना काढून पडताळतात. कारखान्यानं लिहिलंय तेच आत आहे का, हे पाहिल्याशिवाय माल उतरवून घेत नाहीत. मग वाटा फुटतात. तुमच्या फिल्टर प्रेसमधल्या केकसारखा, धातू असलेला स्लज सहसा जाळून उपयोग नसतो. जाळून क्रोमियम नाहीसं होत नाही. त्यात सिमेंट, चुना, फ्लाय ॲश मिसळून धातू घट्ट बांधून टाकतात, पाण्यात ते किती उतरतात याची चाचणी घेतात आणि मग तो खास बांधलेल्या खड्ड्यात पुरतात. खड्ड्याच्या तळाला दाबून बसवलेली चिकणमाती आणि जाड एचडीपीई प्लास्टिकचा पत्रा यांचे दुहेरी थर असतात, वर झिरपणारं पाणी गोळा करणाऱ्या नळ्या असतात. खड्डा भरला की वरून बंद करतात आणि पुढची अनेक वर्षं आजूबाजूच्या भूजलावर लक्ष ठेवतात.

द्रावकं, तेलकट गाळ, रंगाचा साका हे जाळायच्या वाटेला जातं. भट्टीच्या दुसऱ्या कक्षात वायूला सुमारे ११०० अंशांवर किमान दोन सेकंद ठेवतात, म्हणजे विषारी रेणू पूर्ण मोडतात. नंतर तो धूर झटकन थंड करतात, कारण सावकाश थंड होऊ दिला तर वाटेत डायऑक्सिन पुन्हा तयार होतात. उष्मांक चांगला असलेला कचरा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणूनही जातो. तिथे क्लिंकर सुमारे १४५० अंशांवर भाजतं आणि मागे राहणारी राख सिमेंटमध्येच जिरते. तुमची कंपनी जे पैसे मोजते ते यासाठी. भंगारवाल्याकडून मिळणारे चार पैसे कुणीतरी दुसऱ्यानं आपल्या फुप्फुसांनी आणि विहिरीनं भरलेले असायचे.

आणि यातली सुपरवायझर म्हणून तुमच्या हातातली गोष्ट. गाडीबरोबर सात प्रतींचं मॅनिफेस्ट, म्हणजे मालाचं नोंदपत्र, जातं, प्रत्येक प्रतीचा रंग वेगळा. पिवळी प्रत कारखान्याकडे राहते. निळी प्रत विल्हेवाट केंद्रानं माल मिळाल्याची सही करून कारखान्याला परत पाठवायची असते. गाडी फाटकातून बाहेर पडली म्हणजे काम संपलं असं बहुतेक ठिकाणी धरतात, आणि वाटेत नाल्यात माल ओतणाऱ्या टँकरचं फावतं ते नेमकं यामुळे. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा धोकादायक कामाची माहिती मिळण्याचा कामगाराचा हक्क त्यात आला. तेव्हा संकोच न करता गेल्या सहा महिन्यांच्या पिवळ्या प्रती मागवून घ्या आणि प्रत्येकीसमोर तिची निळी लावून पाहा. वजनं जुळतात का तेही बघा. ज्या फेरीची निळी सापडणार नाही, त्या फेरीचा माल कुठे उतरला हे आधी कंपनीच्या व्यवस्थापनाला आणि तिथे उत्तर मिळालं नाही तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला लेखी विचारा.