‘पीयू आहे, ताई, बिनधास्त टाका’

लेझर कटर विकणारे वॉट सांगतात, बेडचा आकार सांगतात, सॉफ्टवेअर सोबत देतो म्हणून सांगतात. धूर कुठून बाहेर जाणार हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. मी विचारलं होतं. घरात सासऱ्यांना दमा आहे, मशीन बंदिस्त बाल्कनीत बसणार आहे, हे पैसे देण्याआधी स्पष्ट सांगितलं होतं. त्यावर विक्रेत्याचं उत्तर मिळालं, "मॅडम, पंखा सोबत येतो. पाईप खिडकीतून बाहेर सोडा, वासपण येणार नाही." आणि बिघाड झाल्यावर हाच माणूस मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही क्लीनिंग करत नसणार."

ते वाक्य मला अजून लागतं. सीओटू ट्यूबचं माझं छोटं 40 वॉटचं मशीन मी पहिल्या दिवसापासून वहीत तारीख टाकून साफ करत आले आहे. करावंच लागतं. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून गणपतीच्या दिवसांत एमडीएफच्या मखरांना चांगली मागणी असते, आणि एमडीएफइतका चिकट धूर दुसऱ्या कशाचा नसतो. लाकडाचे बारीक तंतू ज्या राळेने चिकटवलेले असतात, ती बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाईडची असते. ती जळली की डोळे चुरचुरतात आणि झाकणाच्या आत, आरशांवर, लेन्सवर तपकिरी चिकटा बसतो. दर आठवड्याला तो पुसणाऱ्या बाईला कुणी ‘क्लीनिंग करत नसणार’ म्हणावं?

झालं ते असं. दिवाळीच्या आधी ओळखीतल्या एका गृहस्थांनी डायऱ्यांचं काम आणलं. कव्हरवर कंपनीचं चिन्ह आणि प्रत्येकाचं नाव कोरायचं होतं. कव्हर हातात घेतल्याबरोबर मी विचारलं, हे रेक्झिन तर नाही ना? रेक्झिन म्हणजे कापडावर पीव्हीसीचा थर, आणि पीव्हीसी लेझरखाली घ्यायचंच नसतं. त्यातून हायड्रोजन क्लोराईड सुटतं. हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं, ते फुप्फुसांनाही खातं आणि मशीनच्या लोखंडालाही. हे मी त्यांना उभ्या उभ्या समजावून सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "ताई, पीयू आहे, बिनधास्त टाका." पीयू म्हणजे पॉलीयुरेथेन. मी लेखी मागितलं, तर व्हॉट्सअ‍ॅपवर तेच लिहून आलं. तो मेसेज मी जपून ठेवला आहे.

पहिला गठ्ठा त्यांच्या शब्दावर पार पडला. वास होता, पण पीयूलाही वास असतोच. दुसऱ्या गठ्ठ्यातली कव्हरं जाड होती आणि चिन्ह भरीव कोरायचं होतं. लेझरचं डोकं पुढे-मागे फिरत होतं आणि बघता बघता वास बदलला. आंबट, नाकात सुई टोचल्यासारखा, घशाला कोरड पाडणारा. मी मशीन थांबवलं. पंखा जोरात आवाज करत होता, तरी बाल्कनी धुराने भरली होती. आतून सासऱ्यांच्या खोकल्याची ढास ऐकू आली. त्यांना धरून गच्चीवर नेलं, इनहेलर दिला, सगळी दारं-खिडक्या उघडल्या. परत आले तेव्हा कडेच्या उन्हात दिसलं, की पाईप मशीनला जिथे जोडला आहे त्या सांध्यातून धुराची बारीक रेघ आतच येते आहे.

विक्रेत्याचा पंखा मशीनच्या पाठीला बसवलेला होता. तो धूर पाईपमध्ये ढकलतो. म्हणजे खिडकीपर्यंतचा अख्खा पाईप दाबाखाली असतो आणि जिथे फट मिळेल तिथून धूर घरात ओकतो. पंखा पाईपच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी हवा. तिथून तो ओढतो, पाईपमधला दाब खोलीपेक्षा कमी राहतो, मग फट असली तरी खोलीतली हवा आत जाते, धूर बाहेर येत नाही. इतकी साधी गोष्ट. मशीन विकून पोट भरणाऱ्याला ती ठाऊक नसेल असं मी मानत नाही.

पुढच्या दोन-तीन दिवसांत रेलवर आणि बेडच्या हनीकॉम्ब जाळीच्या स्क्रूंवर नारिंगी गंज दिसू लागला. आदल्याच आठवड्यात पुसून हलकं तेल लावलेली रेल. लेन्सवर दुधी झाक आली, ती काही केल्या निघेना. मग मी बोहरी आळीच्या बाजारातून तांब्याची जाड तार आणली. गच्चीवर छोट्या टॉर्चवर तिचं टोक लाल होईपर्यंत तापवलं, ज्योतीला रंग येईनासा होईपर्यंत. गरम टोक डायरीच्या कव्हरला टेकवलं, थोडा थर चिकटला, आणि तार पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत लख्ख हिरवी झाली. हिरवी ज्योत म्हणजे त्यात क्लोरीन आहे. पीयूची ज्योत अशी होत नाही. मी त्याचा व्हिडिओ काढून दोघांना पाठवला. डायरीवाल्यांनी ‘आम्हालाही दुकानदाराने पीयूच सांगितलं होतं’ एवढं लिहिलं आणि पुढे फोन उचलणं बंद केलं. विक्रेत्याने गंज वॉरंटीत येत नाही म्हणून कळवलं, आणि वर क्लीनिंगचं ते वाक्य.

तेव्हा नव्याने मशीन घेणाऱ्यांनी माझं ऐका. अनोळखी प्लास्टिक, रेक्झिन, ‘लेदरसारखं’ काहीही आलं की आधी तुकडा मागा आणि तारेची परीक्षा करा. तुकडा नखाएवढाच घ्या, उघड्यावर उभे राहा, तार पक्कडीने धरा. साइनबोर्डवाल्यांचा सनबोर्ड हा फुगवलेला पीव्हीसीच, फ्लेक्सही तोच, स्टिकरचं व्हिनाईलही तेच. एबीएसमधून हायड्रोजन सायनाईड निघू शकतं, ते दारातूनच परत पाठवा. पॉलीकार्बोनेट काळं पडतं आणि पेटतं. अ‍ॅक्रिलिक चालतं, पण कापलेले तुकडे बराच वेळ वास सोडतात, ते झोपायच्या खोलीत ठेवू नका.

एक्झॉस्ट बसवल्यावर अगरबत्ती लावा आणि पंखा चालू करून ती प्रत्येक सांध्याजवळ, झाकणाच्या कडेकडेने फिरवा. धूर आत ओढला गेला पाहिजे. बाहेर ढकलला जात असेल तिथे गळती आहे. पाईप आखूड ठेवा, वळणं कमी ठेवा, आतून गुळगुळीत असेल तर उत्तम. खोलीचं दार किंचित उघडं ठेवा. बाहेरून हवा आत आलीच नाही तर पंखा ओढणार काय? काम संपल्यावर लगेच झाकण उघडू नका, थोडा वेळ पंखा चालू द्या. बाहेर सोडलेला धूर वरच्या मजल्यावरच्या दोरीवरच्या कपड्यांवर जातो, याचाही विचार करा. आमच्याकडे सोसायटीच्या सेक्रेटरींपर्यंत गोष्ट गेली. फिल्टरचा डबा घेऊन सुटका होते असं समजू नका. हेपा फिल्टर कण अडवतो, वायू नाही. वायू कोळशाचा थर शोषतो आणि तो भरला की बदलावा लागतो. कापडी मास्कने वायू अडत नाहीत.

लेन्स झिंक सेलेनाईडची असते, फार नाजूक. विक्रेत्याच्या माणसाने माझ्यासमोर ती खिशातल्या रुमालाने खसाखसा पुसली, तेव्हा मी त्याच्या हातातून काढून घेतली. लेन्स थंड होऊ द्यावी, कडेने धरावी, 99 टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा एकदाच फिरवून टाकून द्यावा, मग नवा घ्यावा. घासायचं नाही. मळकी लेन्स किरण शोषते, तापते आणि तडकते. तडकली तर तुकड्यांना उघडा हात लावू नका, झाडूने उडवू नका. हातमोजे घालून ओल्या कागदाने उचला आणि पिशवीत बंद करा. झिंक सेलेनाईड विषारी आहे. कापताना हवा फुंकणारा एअर असिस्टचा कॉम्प्रेसर चालू असला की धूर लेन्सकडे कमी चढतो, तो बंद ठेवून कधीच कापू नका.

हनीकॉम्बखालच्या ट्रेमधला चुरा रोज काढा. आग तिथूनच लागते. शेजारी कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक ठेवा; पावडरचा आग विझवतो, पण मशीनचं सर्किट आणि आरसे कायमचे खराब करतो. मशीन चालू असताना जागा सोडू नका, मुलांना लांब ठेवा. हे सगळे सांगतात, मीही सांगते.

सासरे आता बरे आहेत. रेल आणि लेन्स मी पदरच्या पैशाने बदलली, डायऱ्यांचे पैसे आजवर आलेले नाहीत. घरात कुणाला श्वासाचा त्रास असेल आणि धूर थेट बाहेर काढायला खिडकी नसेल, तर हे मशीन घरी आणू नका. भाड्याच्या गाळ्यात ठेवा, नाहीतर घेऊच नका.