रिकामी मधपेटी



'परसवाडा' या नावात 'परस' हा शब्द स्पष्ट ऐकू येतो. नावाची व्युत्पत्ती काहीही असो, घरामागचा परस ही निसर्गाची पहिली पाठशाळा होय, एवढे मात्र खरे. आम्ही मूळचे कोकणी बोलणारे. मधाला 'म्होंव' म्हणत वाढलो. बालाघाट जिल्ह्यातील या डोंगराळ भागात आल्यावर आम्ही परसात भाजीपाला लावला आणि मधमाश्यांची एक पेटी ठेवली. तेथे आमच्या हातून घडलेली चूक हाच आजचा पाठ आहे.

आपल्याकडील आग्या व फुलोरी या माश्या उघड्यावर एकच पोळे बांधतात. म्हणून त्या पेटीत नांदत नाहीत. सातेरी मात्र झाडाच्या ढोलीत, काळोखात, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. लाकडी पेटीतील चौकटी म्हणजे त्या ढोलीचीच नक्कल होय. फुलांचा ठाव लागलेली माशी घरी येऊन नाचते व त्या नाचातून दिशा आणि अंतर सांगते. हे कोडे उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

फाल्गुनात पळस पेटतो. चैत्रात मोह आणि साल बहरतात. त्या दिवसांत आमची पेटी मधाने जड झाली. वैशाखात आम्ही चौकटी काढल्या आणि मोहाच्या भरात सगळा मध घेतला. शेजाऱ्यांना वाटला, स्वतःला धन्य मानले. तो मध म्हणजे माश्यांचे पावसाळ्याचे धान्य होते, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. परंतु वाचणे निराळे आणि आचरणे निराळे!

आषाढ लागला. झडीत माश्यांना बाहेर पडता येईना. उघडीप मिळाली तरी रानात फुले थोडी. साखरेचा पाक ठेवण्याचे आम्हांला उशिरा सुचले. वसाहत दुबळी झाली, पोळ्यांत मेण खाणाऱ्या पतंगाच्या अळ्या शिरल्या आणि श्रावणातल्या एका सकाळी पेटी रिकामी आढळली. सातेरी उपासमारीत घर सोडून जाते, ती तशी गेली.

शिक्षा एवढ्यावर संपली नाही. भोपळ्याच्या वेलावर नर व मादी फुले वेगवेगळी असतात. पराग एकातून दुसऱ्यात गेला नाही, तर इवले फळ पिवळे पडून गळते. त्या वर्षी आमच्या वेलाखाली अशा फळांचा सडा पडला. मग रोज सकाळी नर फूल खुडून ते मादी फुलाला लावण्याचे काम आम्ही स्वतः केले. माशी जे काम सहज करी, त्याला आमची सारी सकाळ लागे!

पुण्यात दिनकर केळकर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभारले. त्यात अडकित्ते, दिवे, कुलुपे अशा रोजच्या वापरातील वस्तू मोठ्या प्रेमाने जपल्या आहेत. आपल्या शाळेच्या संग्रह-खोलीतही जुनी मापे व शेतीची अवजारे आहेत. रविवारी काही विद्यार्थी स्वेच्छेने येऊन धूळ पुसतात, चिठ्ठ्या लिहितात. आमची पेटी आम्ही तेथेच दिली. चिठ्ठीवर वस्तूचे नाव, लाकूड व उपयोग लिहून झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "गुरुजी, ही रिकामी का, ते लिहायचे नाही का?"

क्षणभर आम्हांला संकोच वाटला. परंतु कारण लपवलेली वस्तू पाहणाऱ्याला काय शिकवणार? आम्ही सांगितले आणि तिने लिहिले : 'वैशाखात सगळा मध काढला, श्रावणात माश्या गेल्या.'

आश्विनात डोंगरउतारावर रामतीळ पिवळाधमक फुलला, तेव्हा आम्ही दुसरी पेटी मांडली. आता पावसाळ्यापूर्वी भरल्या चौकटींपैकी निम्म्या आम्ही हात न लावता ठेवतो. मुलांनो, परसातून घ्या. पण देणाऱ्याच्या पावसाळ्याची बेगमी राखून घ्या.